धोंडूनं वाढावं

मालननं आप्पांची छत्री मोडली ती रागाच्या भरात नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण तोवर तिनं घरात जे जे मोडलं होतं ते रागाच्या भरातच मोडलं होतं. दोन कपबश्या, एक पाटी, न्हाणीघराच्या दाराची कडी. देवापुढची घंटा मोडली नव्हती, पण एकदा आपटल्यापासून तिचा आवाज घोगरा झाला होता. छत्री मात्र तिनं अगदी थंड डोक्यानं मोडली. ओटीवर मांडी घालून बसली, सांडशी घेतली आणि फणसाचे गरे काढावेत तशा एकेक करून आठही काड्या काढल्या. मग अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर त्या घासून घासून त्यांना टोकं आणायला लागली.

"ही काय तुझ्या बापाची छत्री?" कुंपणापलीकडून यमुनाकाकूंनी विचारलं.

"होय," मालन म्हणाली. बापाचीच होती.

तिची समजूत अशी की ही जुनी छत्री. दिसत तर जुनीच होती. कापडाला तीन ठिगळं, त्यातलं एक तर पंच्याचं. पण आप्पा पडले कचेरीतल्या दप्तरखान्यातले कारकून. त्यांनी गणपतीत नवी छत्री घेतली, तिचं नवं कापड उतरवून पुढच्या पावसाळ्यासाठी ट्रंकेत ठेवलं, आणि तोवर वापरायला म्हणून जुनं कापड नव्या सांगाड्यावर चढवलं. अशा माणसाच्या घरात कुठली वस्तू जुनी आणि कुठली नवी, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मालनला कुठून सांगता येणार?

संध्याकाळी आप्पा घरी आले. मूठ आणि दांडा एवढंच उरलेलं बघून त्यांनी तो दांडा काठीसारखा टेकून पाहिला आणि खाली बसले.

"काड्या कशाला हव्यात तुला?"

"सुया करायला. धोंडूदादाला स्वेटर विणायचाय ना?"

धोंडू म्हणजे मालनचा थोरला भाऊ. जूनमध्ये त्याला दिल्लीला सरकारी हापिसात नोकरी लागली. आळीतली बाकीची पोरं मुंबईला जायची. हा मुंबई ओलांडून थेट दिल्लीला गेला म्हणून आळीला अभिमान, आणि मुंबईतल्या लवूमामाला थोडा राग. कार्तिकात त्याचं पत्र आलं. इथं पहाटे बादलीतल्या पाण्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो, अंगावर घालायला काही उबदार पाठवता आलं तर बघा. आणि खाली एक ओळ होती, जिनं पुढचा सगळा घोटाळा केला: 'इथल्या गव्हानं माझी प्रकृती अशी सुधारली आहे की मला पाहिलंत तर ओळखणार नाही.'

आता रत्नागिरीकरांना थंडीबद्दल विचारणं म्हणजे घाटावरच्या माणसाला माशाबद्दल विचारणं. इथली थंडी म्हणजे पहाटे पायाशी चादर ओढायची आणि उन्हं आली की लाथाडायची, एवढीच. आप्पा म्हणाले, घोंगडी पाठवू. आई म्हणाली, डिंकाचे लाडू पाठवू. मालन म्हणाली, "घोंगडी पांघरून हापिसात बसेल का तो? मी स्वेटर विणते."

यावर आईनं आप्पांकडं पाहिलं. पाहण्याला कारण होतं.

दोनच महिन्यांपूर्वी, दसऱ्याच्या आधी, मालननं शाळा सोडली होती. शाळेनं तिला सोडलं की तिनं शाळेला, यावर आळीत दोन मतं आहेत. घडलं ते असं. शिवणाच्या तासाला सोनूबाई मास्तरणींनी मालनचा रुमाल वर्गापुढे उंच धरला. रुमालावर पोपट भरायचा होता. पोपटाला चोच होती, डोळा होता, शेपूट नव्हतं. त्याच्या आधीच्या पिशवीला बंद नव्हते, त्याच्या आधीच्या झबल्याला एकच बाही होती. सोनूबाई म्हणाल्या, "मालन, तुझ्या हातून आजवर एक तरी काम पुरं झालंय का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मालन उठली, म्हणाली, "होय. माझी शाळा पुरी झाली," आणि दप्तर उचलून चालू लागली. सोनूबाईंनी निरोप धाडला: सगळ्या वर्गासमोर कान धरून माफी मागितली तरच परत घेऊ. मालननं उलट धाडलेला निरोप आप्पांनी वाटेतच अडवला, म्हणून तो इथं देता येत नाही.

तेव्हा आप्पांनी छत्रीचा दांडा बाजूला ठेवला आणि कागद घेतला. कचेरीतल्या माणसाला तोंडी काही पटत नाही. त्यांनी लिहिलं: 'मार्गशीर्ष अमावास्येच्या आत मालननं धोंडूचा स्वेटर पुरा करून टपालात टाकला, तर शाळेचं नाव या घरात कुणी काढणार नाही. न केल्यास तिनं शाळेत जाऊन वर्गासमोर कान धरून माफी मागावी.' दोन प्रती केल्या, दोन्हींवर तिची सही घेतली आणि आईचा साक्षीदार म्हणून अंगठा. "आणि पुरा म्हणजे पुरा," आप्पा म्हणाले. "तो पोपट चालायचा नाही."

"शेपटासकट देईन," मालन म्हणाली.

विणायला शिकवणार कोण? आळीच्या टोकाला भागोजी सारंग राहायचे. तीस वर्षं आगबोटीवर काढून आता घरी बसलेले. त्यांना बोटीवरच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या सुतारानं विणकाम शिकवलं होतं, आणि ते ओटीवर बसून खुशाल पायमोजे विणायचे, जे रत्नागिरीत घालायला ते स्वतःही धजावत नसत. त्यांना बायकी म्हणायची कुणाची छाती नव्हती. एक तर त्यांच्या मिशा, आणि दुसरं म्हणजे बंदरावरचे सगळे पुरुष जाळी विणतात. जाळं विणणाऱ्याला कुणी हसत नाही, मग मोज्यानंच काय घोडं मारलंय?

"शिवण नाय मारायची हां, बाय," भागोजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "शिवण खांद्यावर आली की हात अडकतो. दोर ओढणाऱ्या माणसाचा हात मोकळा पायजे. याला रॅग्लन म्हणतात. गळ्यापासून सुरुवात. चार रेघा धर. दोन छातीकडं, दोन पाठीकडं. एक फेरी आड चारी रेघांवर टाके वाढवीत जायचं. खांदा आपोआप होतो, बाही आपोआप होते."

"आणि वाढवायचं थांबायचं कधी?"

"अंगाला बसला की."

"अंग दिल्लीला आहे, भागोजीतात्या!"

भागोजींनी मिशी कुरवाळली. गोऱ्या सुतारानं याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

लवूमामानं मुंबईहून बोटीतून निळ्या लोकरीच्या लडी पाठवल्या, आणि मालननं गळा घातला. गळा झकास झाला. पहिले आठ दिवस तर आळीतली माणसं येऊन नुसती बघून जायची आणि काही नावं ठेवता न आल्यामुळे पानसुद्धा न खाता परत जायची. मग फेऱ्या वाढल्या, आणि मापाचा प्रश्न आला.

आता या आळीत कपडा अंगाबरोबर शिवायची पद्धतच नाही. कपडा शिवायचा तो वाढत्या अंगाचा. पोराला सदरा शिवला की तो पहिली दोन वर्षं गुडघ्यापर्यंत येणार, तिसऱ्या वर्षी एका पावसाळ्यापुरता अंगाला बसणार, आणि चौथ्या वर्षी धाकट्याला जाऊन पुन्हा गुडघ्यापर्यंत येणार. कुणाच्या अंगात नवा कपडा नीट बसलेला दिसला, तर लोक त्याच्या आईबापांची कीव करतात. मालन स्वतः जन्मात मापाचं पोलकं ल्यालेली नव्हती.

तेव्हा आईनं धोंडूचा जुना सदरा काढला, त्याच्यावर आपल्या हातानं चार बोटं मोजली आणि म्हणाली, "एवढं तरी वाढीव घे गो. पोरगा आहे, वाढेल."

"एकविसाव्या वर्षी?"

"गहू खातोय ना!"

गव्हाचं नाव निघालं आणि यमुनाकाकू कुंपणावरून अलीकडेच आल्या. काकूंचा एक चुलतदीर साताऱ्याला नोकरीला होता. जाताना सुकटासारखा गेला, दोन वर्षांनी आला तो दारातून आडवा करून आत घेतला, असं त्या सांगायच्या. "भाताचं अंग ते भाताचं अंग. पेज प्यायली, झालं. गव्हाचं अंग दुप्पट. त्यानं स्वतः लिहिलंय ना, ओळखणार नाही म्हणून? मग? उगाच लिहिलंय? पण जाऊ दे हो वैनी, एवढा मोठा तिच्यानं व्हायचा नाही. पोपटाचं शेपूट नाही झालं."

एवढं बोलल्या आणि सुपारी कातरत बसल्या. बाण कुठं लागला ते त्यांना ठाऊक होतं. मालननं जुना सदरा उचलून कोपऱ्यात भिरकावला आणि म्हणाली, "चार बोटं काय? एक वीत वाढवीन!"

अशी ती पहिली वीत वाढली.

दुसरी वीत वाढली बाबल्यामुळे. बाबल्या खटारेवाला म्हणजे आळीतलं सगळ्यात मोठं माप. तो विहिरीवर वाकला की मागच्या माणसाला विहीर दिसत नसे. भागोजींनी युक्ती काढली की बाबल्याच्या अंगावर घालून बघू. मालननं सुयांसकट विणकाम त्याच्या डोक्यातून घातलं. एव्हाना आठही काड्या फेरीत अडकल्या होत्या, त्यामुळे बाबल्या मधोमध उभा आणि भोवती चहूकडे काड्या, असा तो दुरुस्तीला टाकलेल्या छत्रीसारखा दिसायला लागला. दोन काड्या त्याच्या काखेत टोचल्या. तो "आये गो" करून ओरडला, पण स्वेटर त्याला सैल झाला. चांगला सैल.

"झालं," मालन म्हणाली. "बाबल्याला होतोय म्हणजे दादाला होईल."

"बाबल्या तो काय, भाताचा," यमुनाकाकू म्हणाल्या. "आता इथंच थांबलीस तर कुणी नावं ठेवणार नाही गो. मी म्हणणार नाही, की दमली म्हणून."

'दमली' हा शब्द काकूंनी उच्चारायला नको होता. दुसरी वीत त्याच जागी वाढली. तिसरी वाढली ती आप्पा सहज म्हणाले की लोकर धुतल्यावर आटते, म्हणून. आणि अर्धी वीत कुणी काहीच बोललं नाही म्हणून वाढली. मालनला वाटलं, मनातल्या मनात म्हणत असतील.

या साडेतीन विती मोठ्या दिमाखात वाढल्या. पण वीत वाढवायला तोंड लागतं, आणि विणायला हात. वर्तुळ मोठं झालं तशी एकेक फेरी संपेना. सकाळी न्याहारीला सुरू केलेली फेरी दुपारच्या जेवणाला हातात असायची. मार्गशीर्षाचा चंद्र वर वाढत होता आणि धोंडूचा स्वेटर काखेच्या खाली उतरत नव्हता. मालनची मधली बोटं काडीच्या टोकानं चाळणीसारखी झाली. खाऱ्या हवेनं काड्यांना गंज चढला, त्याचे तांबडे डाग लोकरीत उतरले. आणि एके दिवशी, छाती पुरी होते न होते तोच, लोकर संपली.

मामाला पत्र घालून, बोटीची वाट बघून, लोकर यायची तर अमावास्या उलटून जाणार. यमुनाकाकू गळ्याभोवतीचा तपकिरी गळपट्टा सारखा करत आल्या. "चला, सुटलीस बाय. आता देवाचीच इच्छा नाही म्हटल्यावर तुझा काय दोष? कान धरायचे, पोरींपुढं एकदा वाकायचं, की झालं. मी येईन हवं तर सोबतीला."

सगळी आळी ओटीवर जमली होती. मालननं काकूंकडं पाहिलं. काकूंच्या गळ्याकडं पाहिलं.

"काकू, तुमचा गळपट्टा लोकरीचा आहे ना?"

"म्हणजे? आहे ना. अस्सल."

"मग द्या. की माझा स्वेटर पुरा होऊ नये असं आहे तुमच्या मनात? सगळ्यांसमोर सांगा तसं."

सगळी आळी काकूंकडं बघायला लागली. काकूंनी आधी आईकडं पाहिलं, मग आकाशाकडं, मग गळपट्टा काढून दिला. तो उसवताना त्या डोळे मिटून बसल्या होत्या. भागोजींनी आपण होऊन बोटीवरची काळी बंडी आणली. तिला डांबराचा आणि सुक्या बोंबलाचा इतका पक्का वास होता की आळीतली तीन मांजरं मालनच्या पायाशी वस्तीला आली. तरीही एका बाहीला लोकर कमी पडली. सकाळी मालन उठली तर ओटीवर सुयांपाशी आप्पांची मातकट कानटोपी पडलेली. तिचं एक टोक आधीच सोडवून ठेवलेलं. आप्पा कचेरीत गेले होते. ती एरवी तोंडाला येईल ते बोलणारी मुलगी. त्या दिवशी तिनं काही न बोलता कानटोपी उसवली.

अमावास्येला तीन दिवस राहिले, एक बाही राहिली, आणि धोंडूचं दुसरं पत्र आलं. आत फोटो होता. हापिसातल्या चौघांनी मिळून काढलेला. खुर्चीच्या मागं, डावीकडून दुसरा, धोंडू. तसाच्या तसा. तीच मान, तेच खांदे, तीच सदऱ्याची बाही मनगटापासून लोंबणारी. फरक एकच, मिशी ठेवली होती. ओळखणार नाही म्हणाला होता ते तेवढ्यापुरतं खरं.

फोटो या हातातून त्या हातात गेला. आई म्हणाली, "मेल्यानं काय गहू खाल्ला की नुसता बघितला?" यमुनाकाकूंनी फोटो उजेडाकडं धरून, उलटा करून बघितला, मागं काही जास्त अंग असेल तर. मग सगळ्यांनी विणकामाकडं पाहिलं. त्यात फोटोतले चौघेही बसले असते, आणि खुर्ची.

"उसव," भागोजी हळूच म्हणाले. "काखेपासून उसव, बाय. मापानं पुन्हा घाल."

"तीन दिवसांत?"

"नाय होणार तीन दिवसांत."

"उसव बाई," आई म्हणाली. "लोक हसतील गो."

मालन उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि ते बघून आईनं हळूच जवळचा तांब्या उचलून मागं ठेवला.

"कोण हसेल? वाढत्या अंगाचा कर, वाढत्या अंगाचा कर, कोण म्हणालं होतं? माझं पोलकं आजवर एकदा तरी मापाचं शिवलंत? मी वाढलेच ना त्याच्यापर्यंत? मग आता एक टाका उसवणार नाही मी. धोंडूदादानं वाढावं!"

आळीतल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या वेळी जे काही होतं, ते त्याला एक तर मोठं होतं किंवा दुसऱ्याचं होतं.

अमावास्येच्या दिवशी सकाळी दहाला शेवटचा टाका मिटला. भागोजींनी गाठ मारली, आईनं हळदकुंकू लावलं, आप्पांनी मांजरपाटाच्या पिशवीत कोंबून तोंड शिवलं, लाख लावली, आणि दोघं बापलेक आळीच्या तोंडाच्या छोट्या पोस्टात निघाले. पिशवी बाबल्यानं उचलून आणली. टपालाची थैली बंदरावर जायची दुपारी एकला.

पोस्टात खेडहून बदलून आलेला नवा कारकून होता. कानावर टाक, समोर नियमांचं जाड पुस्तक. त्यानं पिशवीकडं पाहिलं, मग चिठ्ठी वाचली: 'आत स्वेटर, नग एक.'

"एक?"

"एक," आप्पा म्हणाले.

"अहो, एवढ्यात माणसाचं अंथरूण मावेल. खरं काय आहे आत? खोटं लिहिलंत तर तुम्हाला भारी पडेल हां. उघडा."

आप्पांनी आयुष्यभर लोकांना असंच दरडावलं होतं, त्यामुळे त्यांनी लगेच लाख फोडली. स्वेटर बाहेर येऊ लागला. येतच राहिला. निळा आला, काळा आला, तपकिरी आला, मातकट आला. रांगेतली माणसं मागं सरली. मग कुणीतरी खुदकन हसलं, आणि पोस्टभर हशा पसरला.

"हे अंगात घालायचं आहे कशावरून?" कारकुनानं विचारलं. "वस्त्र म्हणून लिहिलंय तुम्ही. माणसाच्या अंगात गेलं पाहिजे."

मालननं आप्पांच्या हातून तो ओढून घेतला आणि पोलक्यावरून डोक्यात घातला. गळा तेवढा माणसाचा होता, तो बरोबर बसला. बाकीचा सगळा पायाच्या बोटांवर पडून शिवाय जमिनीवर हातभर उरला. उजवी बाही गुडघ्याशी, डावी तिच्याही खाली. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या, बंडीच्या लोकरीला बोंबलाचा वास सुटला, आणि ती मान ताठ करून म्हणाली, "गेला. अंगात गेला. लिहा."

"गेला खरा," कारकून पुस्तक चाळत म्हणाला. "पण अर्धवट विणलेला माल असला तर तो लोकर या रकान्यात. पुरा असला तर वस्त्र या रकान्यात. या दोन बाह्या सारख्या नाहीत. पुरा आहे कशावरून?"

"मी सांगते म्हणून."

"तुम्ही पाठवणाऱ्या. तुमचं चालत नाही. त्रयस्थ जाणकाराचा लेखी दाखला हवा."

"आप्पा, सांगा ना त्याला!"

पण आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. रकान्याचा प्रश्न आल्यावर दप्तरखान्यातला माणूस काय बोलणार? ते पुटपुटले, "रकाना चुकला तर पुढं फार घोटाळा होतो गो..." मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मुलीच्या घामाकडं पाहिलं, आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला: "कुणी जाणकार आहे का इथं? माझ्या मुलीचं काम पुरं झालंय. दाखला हवाय!"

"आहे," रांगेतून आवाज आला.

मनीऑर्डरीचा कागद हातात घेऊन सोनूबाई उभ्या होत्या.

पोस्टातला हशा बंद झाला. मालनच्या शाळेची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस त्या पोस्टात फक्त तो खेडचा कारकून. सोनूबाई पुढं आल्या. चष्मा नाकावर खाली घेतला. कुणाला काही न विचारता त्यांनी स्वेटरची कड उचलली, उलटी करून पाहिली. चारी रेघांवरून बोट फिरवलं, गळ्यापासून काखेपर्यंत. एक जागा ताणून बघितली. दुसरी नखानं खरवडली. आत मालन उभी होती, वाफेवर ठेवलेल्या मोदकासारखी, आणि पापणीसुद्धा लववत नव्हती.

"डावी बाही लांब आहे," सोनूबाई म्हणाल्या.

"आहे."

"चांगली चार बोटं."

"असू दे. लांब आहे, अर्धी नाही."

सोनूबाईंनी दोन्ही बाह्या शेजारी धरून पाहिल्या. "उसवून सारखी करता आली असती."

"उसवणार नव्हते."

"ते दिसतंय," सोनूबाई म्हणाल्या. मग त्यांनी कारकुनाच्या कानावरचा टाक काढून घेतला, दौतीत बुडवला, आणि उभ्या उभ्या चार ओळी लिहून खाली सही केली.

कारकुनानं कागद डोळ्यांजवळ धरून ओठांतल्या ओठांत वाचला. "ठीक," म्हणाला, आणि नियमाच्या पुस्तकात ठेवायला निघाला.

"मोठ्यानं वाचा," मालन म्हणाली.

"कशाला?"

"मागच्यांना ऐकू आलं नाही. हसताना मोठ्यानं हसले सगळे."

"हे पोस्ट आहे, देवळातली पोथी नव्हे!"

सोनूबाईंनी कागद त्याच्या हातून काढून घेतला. त्या वळल्या, रांगेकडं तोंड केलं, आणि शुद्धलेखन घालायच्या आवाजात, एकेक शब्द तोडून, वाचू लागल्या. "मालन हिनं, स्वतःच्या हातानं, विणलेला, हा स्वेटर, मी, तपासला. तो, सर्व बाजूंनी, पुरा, आहे. पूर्णविराम." कागद खाली घेतला. "मागं ऐकू आलं?"

"आलं, बाई," पोस्टातली सगळी माणसं एकदम म्हणाली. त्यात आप्पाही होते.

"मला नाही आलं," सोनूबाईंच्या कोपराशी उभी असलेली मालन म्हणाली. "परत वाचा."